परतीची वेळ : पावणेसहा

१

जहाज सुटायला पाच दिवस राहिले होते, आणि कुणीतरी मला परक्या देशात एकटीला उतरवायची पक्की व्यवस्था करून ठेवली होती. हे मला रविवारी सकाळी साडेआठ वाजता, चहाचा पहिला घोट घेताना कळलं.

मी प्रभावती इंगळे. वय सदुसष्ट, जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त, राहणार अंबड. नवरा सात वर्षांपूर्वी गेला. मुलगा संघपाल आणि सून प्रीती जालन्याला असतात. एवढी मोठी बाई, पण समुद्र मी आयुष्यात दोनदाच पाहिला होता, तोही शाळेच्या सहलीत मुलं मोजता मोजता. त्यामुळे समुद्राकडे बघायचं राहूनच गेलं होतं.

तरी क्रूझला निघाले, त्याला कारण होतं. माझी आई टेंभुर्णीला लोकांच्या शेतात निंदायला जायची. संघमित्रा बोधिवृक्षाची फांदी घेऊन समुद्रातून लंकेला गेली, ती अनुराधपूरला लावली, आणि ते झाड अजून उभं आहे, हे तिने मला खुरपं हातात धरून सांगितलं होतं. बोधगया मी दोनदा केली. लंकेला विमानाने जा, असं संघपाल म्हणायचा. पण फांदी समुद्रातून गेली, मग मी वरून का उडत जाऊ? हा हट्ट आहे हे मला कळतं. मास्तरणीला एवढा हट्ट शोभतो.

चेन्नईहून पाच रात्रींचं जहाज होतं. आमच्या भागातले चौदा जण जाणार होतो. खोलीत माझ्या सोबतीला वंदना, अंतरवाली सराटीची, माझ्याच शाळेत वीस वर्षं शिकवलेली. जहाज ज्या बंदरात थांबतं तिथे दिवसभराच्या सहली असतात, त्या आधीच निवडायच्या. त्यांचं बत्तीस पानी पुस्तक बबलूने दिलं होतं. बबलू माझा जुना विद्यार्थी, आता चाळिशी ओलांडलेला. अंबडच्या बसस्टँडसमोर त्याचं प्रवासाच्या तिकिटांचं दुकान आहे.

त्या पुस्तकापायी वंदनाच्या आणि माझ्या चार दुपारी गेल्या. वंदना हातात पेन्सिल घेऊन परीक्षेला बसल्यासारखी वाचायची. प्रत्येक सहलीपुढे चालणाऱ्या माणसांची चित्रं होती. एक माणूस म्हणजे थोडं चालणं, तीन म्हणजे पाय मोडेपर्यंत. त्रिंकोमाली बंदरात तिने कोनेश्वराचं मंदिर निवडलं, एका माणसाचं. मी अनुराधपूरची जहाजाची बस निवडली, तीन माणसांची.  

तर रविवारी सकाळी जहाज कंपनीची यादी मोबाइलवर आली. माझ्या नावापुढे लिहिलं होतं, त्रिंकोमाली, सहल रद्द. मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मग दुसरा संदेश आला, अनोळखी परदेशी नंबरवरून, इंग्रजीत. एक प्रवासी, प्रभावती इंगळे. खासगी मोटार. बंदराच्या फाटकाबाहेर सकाळी आठ. अनुराधपूर. कमीत कमी चालणे. परत बंदरावर पावणेसहा. पैसे पोचले.

खाली एक ओळ होती. बुकिंग करणारा : मुलगा.

मी लगेच संघपालला फोन लावला. तो म्हणाला, "कसली मोटार, आई? मी काहीच केलेलं नाही."

२

घाबरलं की मी शेजारच्या रामप्रसादभाऊंकडे जाते. ते एसटीत वाहतूक नियंत्रक होते. तीस वर्षं अंबडच्या स्टँडवर माइक धरून गाड्या लावल्या आणि सोडल्या. हरवलेलं गाठोडं, पळालेलं पोर, चुकीच्या गाडीत बसलेली सासू, सगळं ते माइक न सोडता शोधून द्यायचे. आता सत्तरीला आले आहेत, पण कुणी नुसतं "जाऊन येतो" म्हणालं तरी कोणत्या गाडीने, हे विचारल्याशिवाय सोडत नाहीत.

त्यांनी दोन्ही संदेश वाचले, मग वंदनाचं पुस्तक मागितलं. मी ते आणून दिलं. एका पानावर वंदनाने पेन्सिलीने जाड रेघ ओढली होती.

"बाई, हे तुमी वाचलं का?" त्यांनी विचारलं.

वाचलं होतं. वंदनाने ते मला दोनदा मोठ्याने ऐकवलं होतं. जहाज सहाला सुटणार, पण सगळ्या प्रवाशांनी पाचला आत आलंच पाहिजे, पाचनंतर शिडी उचलतात. जहाजाच्या बसला उशीर झाला तर जहाज थांबतं. खासगी गाडीने गेलेल्यासाठी ते थांबत नाही. आणि सगळ्यांचे पासपोर्ट जहाजावर जमा असतात.

"म्हंजी तुमी पावणेसहाला बंदरावर येणार," रामप्रसादभाऊ बोटावर मोजत म्हणाले, "शिडी पाचला उचलल्याली. पासपोर्ट आत, तुमी बाहेर. गावात वळखीचं कुत्रं न्हाई."

 खोटं कशाला सांगू, मी त्यांच्या ओट्यावर बसकण मारली. सदुसष्ट वर्षांची बाई, अंधार पडत आलेला, हातात पिशवी, आणि समोरून जहाज निघालंय. हे चित्र तेव्हा जे डोळ्यांपुढे आलं ते पुढचे दोन दिवस हललं नाही.

"कोण करू शकतं हे?" मी विचारलं.

"बुकिंगचा नंबर आन् पासपोर्टचा नंबर कुणाकुणाकडं हाये?"

मी सांगितलं. संघपालकडे, प्रीतीकडे, वंदनाकडे आणि बबलूकडे. मोजून चार.

"बबलूला इचारलं?"

विचारलं होतं. तो म्हणाला, "सिस्टीमचा घोळ असंल, मॅडम, मी बघतो." नंतर त्याने फोन उचलला नव्हता. लंकेच्या त्या नंबरलाही मी उलट विचारलं होतं, की हा मुलगा कोण. उत्तर आलं, पैसे एका वेबसाइटमार्फत आले, नाव नाही, फक्त मुलगा.

"जे करायचं ते जल्दी करावं लागंल," रामप्रसादभाऊ म्हणाले. "मंगळवारी संध्याकाळी पाचला सहलींची यादी बंद होणार, असं हितं लिव्हलंय. तवर माणूस सापडला तर ठीक. न्हाई तर जायचंच कॅन्सल करा."

जायचं रद्द. हे शब्द ऐकले आणि मला मोटारीपेक्षा त्यांचीच जास्त भीती वाटली.

३

दुपारी संघपाल आणि प्रीती जालन्याहून आले. रामप्रसादभाऊ पेपर वाचायच्या निमित्ताने आधीच येऊन बसले होते.

संघपाल बँकेत अधिकारी आहे. स्वभाव असा, की विमान दुपारी असलं तर हा सकाळी विमानतळावर. तो चपला काढायच्या आधीच बोलायला लागला.

"आई, मी पहिल्यापासून सांगून राह्यलो, नको जाऊ. आता तर बिलकुल नको. आत्ताच्या आत्ता सगळं तिकीट रद्द करतो."

"तू केलं असशील, मला घाबरवायला," मी म्हणाले. बोलून गेले खरी. त्याचा चेहरा उतरला.

"तुला थांबवायचं असतं तर मी तिकीट रद्द केलं असतं," तो हळूच म्हणाला. "तुला गाडी कशाला करून दिली असती?"

रामप्रसादभाऊंनी पेपर खाली केला. "साहेब, तुमी विमानाला किती आधी जाता?"

"तीन तास. का?"

"काय न्हाई. सहज." आणि पेपर पुन्हा वर गेला.

प्रीती माझी बॅग आवरायला आत गेली. ती कमी बोलते, म्हणून मला ती कधी समजत नाही, आणि जे समजत नाही त्याचा मला संशय येतो. ही माझी जुनी खोड आहे. अंबडचं घर बंद करून जालन्याला राहायला या, असं तीच मागे लागली होती. मी नाही म्हटल्यापासून आमच्यात जरा अंतर पडलं होतं.

बॅग भरून ती चहा ठेवायला गेली. माझी गळ्यात अडकवायची पिशवी तिने बाहेर खुर्चीवर ठेवली होती. जहाजाचं कार्ड ठेवायला अशी एकेक पिशवी बबलूने सगळ्यांना दिली होती. नावं घालायला त्या पिशव्या दोन दिवस वंदनाकडे होत्या. मी सहज चेन उघडली. आत काहीतरी कडक लागलं.

गोळ्या होत्या. मेडिकलवाला कात्रीने कापून देतो तसा पाकिटाचा तुकडा, चार गोळ्यांचा. नाव दुसऱ्या तुकड्यावर राहिलेलं. मी असल्या गोळ्या घेत नाही. या पिशवीत मी स्वतः रुमालसुद्धा ठेवलेला नव्हता.

 आतून चमच्याचा आवाज येत होता. साखर ढवळल्याचा. प्रीतीला ठाऊक आहे की मी चहात साखर घेत नाही.

"घ्या, आई," ती कप पुढे करत म्हणाली.

मी कप घेतला, हात धुवायच्या निमित्ताने उठले, आणि तिचा चहा बेसिनमध्ये ओतून दिला. नळ सोडला, म्हणजे दिसू नये. आरशात बघितलं तर तिथे एक पांढरीफटक म्हातारी उभी होती.

ते दोघं गेल्यावर मी तो तुकडा रामप्रसादभाऊंच्या हातात ठेवला. ते चपला घालून स्टँडकडच्या मेडिकलवर गेले आणि वीस मिनिटांत परत आले. आले ते थेट स्वयंपाकघरात. त्यांनी पाणी पिऊन घेतलं.

"विष न्हाई, बाई," ते म्हणाले.

मी श्वास सोडला.

"पण सोडू नका एवढ्यात," ते म्हणाले. "शेवटच्या टायमाला दवाखान्यात कधी गेल्ता तुमी?"

४

शेवटचं म्हणजे तीन आठवड्यांपूर्वी. पासष्टच्या पुढच्यांना जहाज कंपनी डॉक्टरचा दाखला मागते. जालन्याच्या एका दवाखान्यात तपासणी झाली. दाखला मिळाला, मी खूश झाले.

"फाईल दाखवा," रामप्रसादभाऊ म्हणाले.

माझ्या कपाटात सगळी कागदपत्रं नावनिशीवार असतात. संघपालची चौथीची गुणपत्रिकासुद्धा आहे. दवाखान्याची फाईल मात्र नव्हती. मी कपाट रिकामं केलं, गादी उचलली, डब्यांच्या मागे बघितलं. किल्ली माझ्या कमरेला आणि कपाटातून फाईल नाही. कुणी घरात येऊन गेलं असेल तर ते केव्हा? मी झोपलेली असताना? मी उठून मागच्या दाराची कडी तपासली. मग पुन्हा तपासली.

"गेली चोरीला," मी म्हणाले. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

"चोरीला जायला आधी घरात यावं लागतं," रामप्रसादभाऊ म्हणाले. "ती फाईल घरात आल्याली तुमी बघितली का? बराबर आठवा."

मी आठवू लागले. दाखल्याचा कागद बबलूने माझ्या हातात दिला होता, तोच पुढे कंपनीला पाठवला. फाईल मी बघितल्याचं काही आठवेना.

त्यांनी वंदनाला बोलावून घ्यायला सांगितलं. सोमवारी सकाळी वंदना पदराला हात पुसत आली. तिच्या घरी कापूस वेचणीला बाया लागल्या होत्या, तिला घाई होती. पण गोळ्यांचं ऐकून ती थांबली.

"प्रभाताई, माझ्या घरी पिशव्या होत्या म्हणून तुमी माझ्याकडं अशा बघून राह्यल्या का?"

मी बघत होते. वीस वर्षं एका डब्यात जेवलेल्या बाईकडे मी तसं बघत होते. भीती किती खाली नेते माणसाला.

"वंदनाबाई," रामप्रसादभाऊ म्हणाले, "जहाज सुटतंय सहाला. मंग बंदरावर किती वाजता यावं माणसानं?"

"पाचच्या आत. साडेचारच धरा तुमी. मी तर ताईंना सांगू सांगू थकले."

"बरं. दवाखान्यात त्या दिवशी कोण कोण होतं, सांगा."

"आमी दोघी. संघपाल दारात सोडून बँकेत गेला, त्याला ऑडिट होतं. मंग बबलू आला गाडी घेऊन, आमाला परत आणायला. ताईला ईसीजीला आत नेलं आन् मी चहा आणाया गेल्ते. ताईला बिनसाखरेचा लागतो, म्हणून तिला न्हाई आणला. दोनच आणले."

"पिले दोघांनी?"

वंदना आठवू लागली. "मी पिले. बबलूनं तसाच ठेवला बाकावर. साय धरली त्याच्यावर. मी म्हणलं पी रे, तर म्हणला, नको, पोटात कसंतरी होऊन राह्यलं."

रामप्रसादभाऊ उठले. त्यांनी टोपी घातली. त्यांनी टोपी घातली म्हणजे गाडी सुटायची वेळ झाली, हे साऱ्या अंबडला माहीत आहे.

"चला बाई. तुमचा दुसरा मुलगा भेटवतो तुमाला."

५

बबलूच्या दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. आम्हाला बघून तो उभा राहिला, पंखा मोठा केला, खुर्च्या पुसल्या. मग पुसलेल्याच खुर्च्या परत पुसल्या.

रामप्रसादभाऊंनी आवाज अजिबात चढवला नाही. आतली गोष्ट ते नेहमी माइकच्या उलट आवाजात बोलतात.

"बबलू, बाईला परदेशात सोडून द्यायचं ठरवणारा माणूस पावणेसहा लिव्हणार न्हाई. तो टाइमच लिव्हणार न्हाई, न्हाईतर बराबर दिसंल असा लिव्हील. पावणेसहा लिव्हणाऱ्याला बाई वेळेवर पोचवायची होती. सहाची गाडी, पंधरा मिनटं आधी. तीस साल मी प्रवाशांना हेच सांगत आलो, मी असतो तर मीबी हेच लिव्हलं असतं. वंदनाबाईनं ते पुस्तक पाठ केलंय, ती असं लिव्हणार न्हाई. संघपाल तीन तास आधी जाणारा माणूस, प्रीतीबी त्याच घरातली. ऱ्हायला कोण? जो ह्याच रोडवर पंधरा साल जीप चालवत होता. ज्यानं जहाजाची तिकिटं विकली, पण जहाज बघितलं न्हाई."

बबलू काउंटरकडे बघत होता.

"दुसरं. गाडीच्या कागदावर लिव्हलंय, कमीत कमी चालणे. पिशवीत गोळ्या, छातीत दुखलं तर जिभंखाली ठेवायच्या. म्हंजी बाईला काय झालंय ते बाईच्या आधी कुणालातरी ठाऊक. आता आपल्याकडं डॉक्टर पेशंटला सांगतो का? न्हाई सांगत. बाहेर येतो आन् इचारतो, सोबत कोण हाये. त्या दिवशी बाई आत, वंदनाबाई चहाला, संघपाल बँकेत. सोबत एकटा तू. तुला इचारलं असंल, तुमी मुलगा का?"

मी बबलूकडे बघत होते. हा नववीत असताना खोटं बोलायचा तेव्हा कान लाल व्हायचे. आताही झाले.

"एक डाव मुलगा झाला," रामप्रसादभाऊ म्हणाले, "मंग गाडी बुक करताना बी तेच लिव्हलं. हाताला सवय लागती."

 मग बबलूने ड्रॉवर उघडला आणि माझी फाईल काउंटरवर ठेवली.

"मॅडम, मी हो म्हणलो," तो म्हणाला. "दाखला जल्दी मिळावा म्हणून हो म्हणलो. मला काय माहीत डॉक्टर पुढं काय सांगणार. ते म्हणले, आईच्या हृदयाची नस आखडल्याली दिसते, आल्यावर पुढची तपासणी करा. जाऊ द्या, पण बसून, लांब चालायचं न्हाई. हळूच घरी सांगा, म्हणले. पेशंटला घाबरवू नका."

"मग सांगितलं का नाहीस?"

"कुणाला सांगू? संघपालदादाला सांगितलं असतं तर त्यानं त्याच दिवशी सगळं कॅन्सल केलं असतं. तुमाला सांगायचं म्हणलं की तुमी मला त्या झाडाचं सांगत बसायच्या. तीन हप्ते झाले, मॅडम, जेवण न्हाई जात मला. बसमधी तीन माणसांचं चालणं होतं, तुमी तिथं पडल्या असत्या. म्हणून ती रद्द केली आन् गाडी लावली, पार दारापर्यंत. गोळ्याबी मीच टाकल्या तुमच्या पिशवीत, वाटताना. चेन्नईला सोडायला येणार होतो, तिथं सांगणार होतो की बस भरली. कंपनी थेट तुमाला यादी धाडंल हे मला..." त्याला पुढे बोलवेना.

"आणि शिडी पाचला उचलतात, हे?"

त्याने मान वर केली. त्याला खरंच माहीत नव्हतं. मी पुस्तकातलं वंदनाने रेघ मारलेलं पान त्याच्यापुढे ठेवलं. त्याने वाचलं, पुन्हा वाचलं, आणि हा एवढा दांडगा माणूस काउंटरला धरून खाली बसला. माझा जीव वाचवायला त्याने जे केलं त्यानेच मी त्रिंकोमालीच्या फाटकावर, दुखऱ्या छातीने, अंधारात एकटी उभी राहिले असते.

मला त्याचा राग यायला हवा होता. पण मी ती फाईल हातात धरून बसले होते आणि माझं लक्ष माझ्याच छातीकडे लागलं होतं. आत काहीतरी ठकठक करत होतं. सदुसष्ट वर्षं करत होतं, मी कधी ऐकलं नव्हतं. चोर, विष, परका ड्रायव्हर, या सगळ्यांची भीती दोन दिवसांत बाहेरून आली होती. ही आतली होती. हिला कडी लावता येत नव्हती.

६

मंगळवारी सकाळी एसटीने जालन्याला गेले आणि त्याच डॉक्टरपुढे बसले. माझ्या तोंडावर सगळं सांगा, मुलगा वगैरे कुणी नाही, असं म्हटलं. ते जरा ओशाळले. मग नीट सांगितलं. सपाट जागी दहा मिनिटं चालायचं, मग बसायचं. चढ नाही, ऊन नाही. छातीत धरलं तर गोळी जिभेखाली. बसल्या जागी दुखलं तर मात्र जहाजावरच राहायचं. या तीन दिवसांत तसं दुखलं तर निघायचंच नाही. जाऊ नका, असं ते म्हणाले नाहीत. जा, असंही म्हणाले नाहीत. कागदावर सगळं लिहून सही करून दिली.

परत अंबडला आले तेव्हा साडेतीन वाजले होते. बबलूने खासगी मोटार रद्द करून ठेवली होती. संगणक चालू होता. जहाजाच्या अनुराधपूरच्या सहलीत बसच्या मागे एक छोटी गाडी जाते, हळू चालणाऱ्यांसाठी. हे पुस्तकाच्या तिसाव्या पानावर होतं, आणि त्या पानापर्यंत वंदनाची पेन्सिलसुद्धा पोचली नव्हती. जहाजाचीच गाडी, म्हणजे उशीर झाला तर जहाज थांबणार. तीन जागा शिल्लक होत्या. फक्त एक रकाना भरायचा होता. चाकाची खुर्ची लागेल का. हो किंवा नाही.

चौतीस वर्षं मी वर्गात खुर्चीवर बसले नाही. बसून शिकवणाऱ्या मास्तरांना नावं ठेवली. त्या दोन शब्दांकडे मी बघत राहिले. घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली.

"मॅडम, पाचला बंद होतंय," बबलू हळूच म्हणाला.

मी आधी संघपालला फोन लावला. त्याला आणि प्रीतीला दोघांना ऐकू येईल असा लाव, म्हणाले. मग सगळं सांगितलं. नस, गोळ्या, बबलू, डॉक्टर. प्रीतीचा चहा बेसिनमध्ये ओतला, तेही सांगितलं, कारण ते सांगितल्याशिवाय बाकीचं खरं वाटलं नसतं.

"साखर माझ्या कपात घातली होती," प्रीती म्हणाली. एवढंच.

संघपाल मात्र रडवेला झाला. "आई, रद्द कर. ऐक माझं. झाड कुठं पळून चाललंय का? तपासणी होऊ दे, पुढल्या वर्षी मी स्वतः नेतो."

"पुढल्या वर्षीचं मला कुणी लिहून दिलेलं नाही," मी म्हणाले. "मला भीती वाटते, संघपाल. खूप वाटते. रद्द केलं तरी ती वाटणारच आहे. मग ती इथे बसून कशाला वाटून घेऊ?"

 दुकानाबाहेर गेवराईची गाडी लागली, माणसं चढली, गाडी गेली. रामप्रसादभाऊ सवयीने मनगटावरचं घड्याळ बघत होते. बबलूने हात माउसवर ठेवला होता, पण तो क्लिक करत नव्हता. मी मान हलवली. त्याने 'हो' वर खूण केली.

"आई," संघपाल शेवटी म्हणाला. त्याचा आवाज लहानपणासारखा आला. "खुर्चीवरून दिसतं का गं ते झाड? तिथं भिंत बिंत असंल ना?"

"माहीत नाही," मी म्हणाले. "बघते आणि सांगते."

आणि फोन ठेवून दिला, कारण पुढे बोलले असते तर मला रडू आलं असतं, आणि डॉक्टरांनी तेही जपून करायला सांगितलं होतं.